वर्ध्याची देवळं आणि त्यांची दारं

बाहेरगावचा पाहुणा वर्ध्याला आला की मी त्याला आधी गोपुरीत, गीताई मंदिरात नेते. बहुतेक जण चपला काढतात, हात जोडायच्या तयारीनं पुढे होतात आणि देव शोधू लागतात. देव नाही. गाभारा नाही, कळस नाही, डोक्यावर छप्परसुद्धा नाही. आहेत त्या ओळीनं उभ्या केलेल्या उंच शिळा आणि त्यांवर कोरलेले गीताईचे, म्हणजे विनोबा भाव्यांच्या मराठी गीतेचे, अठरा अध्याय. वाचत वाचत पुढे चालायचं, एवढीच इथली पूजा.

विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत येत नव्हतं. गीता मराठीत तूच लिही, असं त्या मुलाला म्हणाल्या होत्या. आई 1918 मध्ये गेली. विनोबांनी 1930 मध्ये लिहायला घेतलं आणि पुढच्या वर्षी पूर्ण केलं. लिहायला घेतल्यापासून पन्नास वर्षांनी, 1980 मध्ये, हे मंदिर त्यांच्याच हस्ते खुलं झालं. माझ्या आईला गीताई तोंडपाठ होती. भाकऱ्या थापताना तिचा दुसरा अध्याय चालायचा. त्यामुळे मला तरी इथे मूर्तीची उणीव कधी जाणवली नाही.

पण पाहुण्याचा प्रश्न खरा असतो: याला देऊळ कसं म्हणायचं? त्याचं उत्तर शोधायला जगात थोडं फिरून यावं लागतं. प्राचीन ग्रीकांचं देऊळ म्हणजे देवाचं घर. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये आत अथीनाची भव्य मूर्ती होती, पण होम आणि बळी बाहेरच्या उघड्या वेदीवर. लोक जमायचे ते बाहेर. जेरुसलेमच्या ज्यू मंदिरात सर्वांत आतल्या दालनात फक्त मुख्य पुरोहित जाई, तोही वर्षातून एकाच दिवशी. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी ते मंदिर पाडलं आणि ज्यूंची उपासना सिनेगॉगमध्ये स्थिरावली, जिथे एकत्र बसून धर्मग्रंथ वाचतात. जपानच्या शिंतो देवस्थानी माणूस आधी हात धुतो, तोंड खळबळतो, मग बाहेरच उभा राहून दोनदा टाळ्या वाजवतो आणि वाकतो. मशिदीत मूर्ती नसते, असते ती दिशा. गुरुद्वारात मधोमध ग्रंथ असतो आणि शेजारी लंगर. आपल्याकडे मुख्य गोष्ट दर्शनाची: देवानं आपल्याला पाहावं, आपण देवाला पाहावं, तीर्थ घ्यावं, तुळशीचं पान तोंडात टाकावं आणि घंटा वाजवून निघावं. हे सगळं पाहिलं की गीताई मंदिर परकं वाटत नाही. तिथे वाचणं हेच दर्शन आहे.

त्याच्या शेजारीच पांढरा विश्वशांती स्तूप आहे. फुजी गुरुजींच्या जपानी बौद्ध संघानं उभारलेला, 1993 मध्ये खुला झालेला. गुरुजी 1933 मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते आणि त्यांच्या भिक्षूंचा डफासारखा ढोल या गावाच्या ओळखीचा झाला. स्तूपाला आत जायला दार नसतं, तो भरीव असतो. पायऱ्या चढायच्या आणि चार दिशांच्या चार बुद्धमूर्ती पाहत प्रदक्षिणा घालायची. पायांनी केलेली ही उपासना आपल्या देवळांमध्येही गाभाऱ्याभोवती चालतेच.

आता दाराची गोष्ट. वर्धा गावात बजाज घराण्याचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. 1928 च्या जुलैत जमनालाल बजाजांनी विश्वस्तांना राजी करून ते दलितांसाठी उघडलं. विनोबा सोबत होते. देशात असं उघडलेलं हे पहिलं देऊळ मानलं जातं. जमनालालजींना त्याची किंमत मोजावी लागली. सनातनी मंडळींनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, त्यांच्याच समाजातले लोक त्यांच्या पंक्तीला बसेनात. ज्या घरानं बांधलं त्याच घराच्या माणसानं दार उघडलं, याचं मला मोल वाटतं. परक्याचं देऊळ उघडा म्हणून सांगणं सोपं. आपल्या आजोबांच्या देवापुढे, आपल्या नात्यागोत्यासमोर ते करणं फार कठीण.

मी शाळेत होते तेव्हा हा प्रसंग वर्गात अभिमानानं सांगायची. पण तेवढंच सांगून थांबता येत नाही. आदल्याच वर्षी, 1927 मध्ये, शेजारच्या अमरावतीत अंबादेवीच्या देवळासाठी चळवळ झाली होती. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांनी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. तो पाच वर्षं चालला आणि दार उघडलं नाही. 1935 मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात, वर्ध्याहून गाडीनं तास-दीड तासाच्या अंतरावर, लाखो लोकांनी त्यांच्यासोबत बौद्ध धम्म घेतला. वर्धा जिल्ह्यात आज गावोगावी जी विहारं दिसतात, पंचशील ध्वज दिसतो, त्यामागे त्या बंद दारांचाही इतिहास आहे. नागपुरात जिथे ही दीक्षा झाली त्या दीक्षाभूमीचा स्तूप मात्र आतून पोकळ आहे. त्यात जाता येतं, सगळ्यांना बसता येतं. मला ही रचना फार बोलकी वाटते.

सेवाग्राम आश्रमात तर देऊळच नाही. गांधीजी 1936 मध्ये तिथे राहायला आले, पिंपळ लावला, आणि त्याच्याजवळच्या उघड्या जमिनीवर सकाळ-संध्याकाळ प्रार्थना सुरू झाली. उपनिषद, कुराण, पारशी प्रार्थना, बौद्ध मंत्र, सगळं एकाच बैठकीत. अजूनही होते. बसायला जमीन, वर आभाळ, कुणी कुणाच्या पुढे नाही.

आणि तरी देवळाची ओढ तिथल्यांनाही सुटली नव्हती. 1938 मध्ये कस्तुरबा ओडिशात असताना जगन्नाथपुरीच्या देवळात गेल्या. ते दलितांना बंद होतं. गांधीजींना इतका त्रास झाला की त्यांचे सचिव महादेवभाई देसाई त्यांना सोडून जायची भाषा बोलू लागले, कारण महादेवभाईंच्या पत्नीही कस्तुरबांसोबत आत गेल्या होत्या. हा प्रसंग वाचताना मला कस्तुरबांचीही बाजू कळते. जन्मभर मनात असलेल्या जगन्नाथाच्या इतक्या जवळ येऊन त्या बाईनं मागे फिरायचं कसं? पूजेच्या जागेचं माणसाच्या मनावर असं बळ असतं म्हणूनच तिचं दार कुणासाठी बंद आहे हा प्रश्न एवढा मोठा होतो.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रपूर तालुक्यात, गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा आहे. तिथे हिंदू आणि मुसलमान दोघेही नवस बोलायला जातात. टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. दोन व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली म्हणून त्यांच्या मालाचे, नारळांचे दगड झाले अशी कथा आहे. भूगर्भशास्त्र त्यांना झिओलाइटच्या गाठी म्हणतं. चादर चढवणाऱ्या बाईला तुझी जात-धर्म काय असं तिथे कुणी विचारत नाही.

पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी 1959 मध्ये ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं, तेही स्त्रियांसाठी. इथे पुजारी नाही. बहिणीच शेती करतात, स्वयंपाक करतात, रोज एकत्र विष्णुसहस्रनाम म्हणतात आणि निर्णय एकमतानं घेतात. आश्रमाची जमीन खणताना भरत-राम भेटीचं एक प्राचीन शिल्प निघालं, तेच इथलं दैवत. पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असं मानतात, त्यामुळे खणलं की जुनं काही हाती येतं. पण मला त्या शिल्पापेक्षा त्या बायका महत्त्वाच्या वाटतात. आमच्या बहुतेक देवळांत गाभाऱ्यातली पूजा पुरुषाच्या हातात असते, इथे ती प्रश्नच न होता बाईच्या हातात आहे.

विनोबा स्वतः दारांशी भांडत राहिले. 1953 मध्ये बिहारात देवघरच्या वैद्यनाथाला दलितांना घेऊन गेले तेव्हा पंड्यांनी मारहाण केली. 1955 मध्ये पुरीला एका फ्रेंच बाईला आत सोडेनात म्हणून तेही दारातून परतले. पंढरपूरचं देऊळ साने गुरुजींच्या 1947 च्या उपोषणानं दलितांना खुलं झालं होतं. 1958 मध्ये तिथल्या मंडळींनी विनोबांना सर्वधर्मीय सोबत्यांसह बोलावलं. मुसलमान आणि ख्रिस्ती सहकाऱ्यांना घेऊन ते विठोबाच्या पायाशी गेले.