गाडीतील नादाचा जमाखर्च

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरेचा पूल ओलांडला की शिरवळ लागते, आणि पुढे पारगाव-खंडाळा मागे पडल्यावर खंबाटकी घाटाची चढण सुरू होते. सुट्टीच्या संध्याकाळी या घाटात वाहनांची रांग लागते. दिवे, एसीचा पंखा, पावसाळ्यात वायपर, सारे चालू असते. इंजिन मात्र मंद गतीने घुमत असते. अशा वेळी डिकीतील अ‍ॅम्प्लिफायर मोठ्याने वाजत असेल, तर ढोलाच्या प्रत्येक ठोक्यासरशी पुढचे दिवे क्षणभर मंदावतात. मुलांना त्याची मौज वाटते. वास्तविक ती तुटीची पहिली सूचना असते.

व्यापारी घराला हे गणित सांगणे अवघड नाही. इंजिन चालू असताना वीज कमावतो तो अल्टरनेटर. बॅटरी ही केवळ शिल्लक. इंजिन बंद असता पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. चालू असता बहुतेक गाड्यांत हा आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असतो. इंजिन मंद असले की अल्टरनेटरची कमाई बरीच घटते. खर्च कमाईच्या वर गेला की फरक शिल्लकेतून भागवला जातो, आणि घाटातल्या रांगेत दोन तास असे चालले, तर पुढच्या थांब्यावर गाडी सुरू होईलच याची खात्री उरत नाही.

खोक्यावर ‘१००० वॅट’ छापलेले असते. तो आकडा मालाच्या वेष्टनावरचा समजावा. खरे वजन अ‍ॅम्प्लिफायरच्या फ्यूजवर कळते. २५ अँपिअरचे दोन फ्यूज असतील, तर तो फार काळ ५० अँपिअरहून अधिक ओढू शकणार नाही. १३ व्होल्टने गुणले की ६५० वॅट होतात. त्यांतील ऐंशी टक्के जरी आवाजाच्या कामी आले, तरी हाती पाचशेच्या आसपासच लागतात. जुन्या ‘एबी’ जातीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तर निम्म्याच्या जवळपास वीज उष्णता होऊन जाते. गाण्याची सरासरी मागणी याहून पुष्कळ कमी असते, हे खरे. पण परीक्षा होते ती ठोक्याच्या क्षणी.

सर्वांत मोठी काटकसर होते ती तारेत, कारण ती गालिच्याखाली दडलेली असते. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर अंतर धरले आणि चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली, तर ५० अँपिअरला सुमारे १.१ व्होल्ट वाटेतच गळतात. ५० वॅटहून अधिक उष्णता त्या तारेतच निर्माण होते. सोळा चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच गळती पाव व्होल्टच्या आसपास राहते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तारही मिळते. तेवढ्याच जाडीच्या शुद्ध तांब्यापेक्षा ती बरीच कमी वीज वाहते, म्हणून ती घ्यायचीच असेल तर अधिक जाड घ्यावी लागते. टोक खरवडले की आतला पांढरा धातू दिसतो. सोन्याची पारख करणाऱ्या घरांना हे शिकवायला नको.

अपुऱ्या दाबाने आवाज केवळ कमी होत नाही. स्वराचे माथे छाटले जातात, आवाज फाटतो, आणि नाजूक ट्वीटर जळण्याचा संभव वाढतो. पण त्याहून गंभीर बाब फ्यूजची. बॅटरीतून निघणाऱ्या तारेवर फ्यूज हवा, आणि तो बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. अ‍ॅम्प्लिफायरवरचा फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरपुरता. हा फ्यूज तारेसाठी असतो. बॉनेटमधून आत येताना तार पत्र्याच्या भोकाच्या कडेवर घासली आणि वेष्टण फाटले, तर बॅटरीची सारी ताकद त्या एका जागी उतरते. मध्ये फ्यूज नसेल तर तार लाल होते, गालिचा पेटतो. आणि त्या वेळी गाडीत कुटुंब बसलेले असते. म्हणून भोकात रबरी कडे बसवणे, हे पाच मिनिटांचे काम टाळू देऊ नये.

चमकदार कपॅसिटरविषयी थोडक्यात: एक फॅरडचा कपॅसिटर १४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना केवळ २६ ज्यूल देतो. पाचशे वॅटच्या मागणीला तो सेकंदाचा विसावा भाग पुरतो. तो गल्ल्यातली चिल्लर आहे. कमाई वाढवत नाही.

राहिले अर्थिंग. ही तार आखूड आणि मुख्य तारेइतकीच जाड असावी, आणि रंग खरवडलेल्या कोऱ्या पत्र्यावर थिंबल लावून बोल्टने घट्ट कसलेली असावी. काम संपल्यावर इंजिन चालू ठेवून, गाणे मोठ्याने वाजवून, मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला लावावे. काट्यावर अर्धा-एक व्होल्ट दिसला, तर जोडणी पुन्हा उघडायला लावावी, आणि ती दुरुस्त होईपर्यंत उरलेले पैसे हातात ठेवावेत.