आपली चूल, आपला रोजा

हिंगोलीहून वाशीमकडे निघालं की साधारण निम्म्या वाटेवर कनेरगाव नाका लागतं. एकेकाळी या भागात निजामाची हद्द संपायची आणि वऱ्हाड सुरू व्हायचं. पुढे हद्द गेली, राज्यं बदलली, १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. गावाच्या नावातला नाका मात्र राहिला. आता अकोल्याहून नांदेडकडे जाणारा महामार्ग इथून जातो. रस्त्यावरच्या गावांचं जे होतं तेच अशा गावांचं झालं आहे. तरणी पोरं त्याच रस्त्याने नांदेड, पुणे, हैदराबादला कामाला जातात आणि घरं म्हाताऱ्यांच्या हवाली राहतात.

अशा गावांच्या मोहल्ल्यांत घर बहुधा एकाचं नसतं. वडिलोपार्जित जागा, वाटण्या होत होत तिच्या चार-पाच खोल्या वेगळ्या झालेल्या. अंगण एक, नळ एक, संडास एक. एका खोलीत थोरल्या भावाची विधवा, दुसरीत धाकट्याच्या मुलाचा संसार, तिसरीत भाडेकरू आणि कोपऱ्यातल्या खोलीत सत्तरी ओलांडलेली एखादी फुफी. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, एवढ्या माणसांत म्हातारीला काय कमी? पण एका छताखाली राहणं वेगळं आणि कुणाचं लक्ष असणं वेगळं. सेहरीच्या वेळी सगळ्या खोल्यांत दिवे लागतात. कोपऱ्यातला दिवा लागला की नाही, हे पाहणारं कुणी असतंच असं नाही.

रमजानमध्ये या खोलीकडे ताटं येतात. इफ्तारीला खजूर, भजी, फळांच्या फोडी, कुणाकडची खिचडी. ही रीत चांगलीच आहे. पण म्हाताऱ्या माणसाची गरज ताटापाशी संपत नाही. साखरेची गोळी संपली तर हिंगोलीहून कोण आणणार, संडासच्या ओल्या फरशीवर पाय घसरला तर कोण उठवणार, निराधारचे पैसे जमा झाले की नाही हे कोण बघणार, हे प्रश्न ईदनंतरही तसेच राहतात. आणि बहुतेक म्हाताऱ्यांना मुलाच्या शहरातल्या दीड खोलीत जायचं नसतं. आपली खोली, आपली जानमाज आणि दुपारी वाटलं तर आपल्या हाताने टाकलेला चहा, एवढ्यासाठी ती माणसं गावात राहतात. त्यांना तसं राहता यावं म्हणून लागणारी मदत म्हणजे काय, याचा विचार करायला रमजानसारखा महिना नाही.

रोज्याची सवलत

या महिन्यात म्हाताऱ्यांचा पहिला प्रश्न रोज्याचाच असतो. आयुष्यभर एकही रोजा न चुकवलेल्या माणसाला मधुमेह होतो, दिवसातून दोनदा इन्सुलिन लागतं, आणि तरी रोजा सोडायला मन तयार होत नाही. कुरआनात सूरह बकरामध्ये आजाऱ्याला आणि प्रवाशाला सवलत आहे. आजारी माणसाने बरं झाल्यावर राहिलेले रोजे पूर्ण करावेत. वय आणि दुखणं यामुळे पुढेही रोजा ठेवणं शक्य नाही, अशा माणसाने एका रोज्याबद्दल एका गरजूला दोन वेळचं जेवण द्यावं, किंवा तेवढी रक्कम. यालाच फिदया म्हणतात. फिदया देण्याचीही ऐपत नसेल तर अल्लाहकडे माफी मागावी, असं उलेमा सांगतात.

घरच्यांनी हे नीट समजून घ्यायला हवं. रोजा न ठेवणारा म्हातारा लपूनछपून पाणी पितो, कारण अंगणातल्या पोरांसमोर त्याला लाज वाटते. ही सवलत त्याला शरीयतने दिली आहे, लाज त्याला आपण देतो. रमजान लागण्याआधी डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा ठरवून घेणं आणि घरात सगळ्यांसमोर 'दादाजान, तुमचा या वर्षी फिदया' असं सहजपणे बोलणं, हीसुद्धा एक सेवाच आहे.

मेहेरबानी नव्हे, हिस्सा

सामाईक घरात म्हातारी बाई कुणाच्या आधाराने राहते, हा प्रश्न आला की उत्तर येतं, 'आम्ही सांभाळतो ना.' पण पुष्कळदा ती राहते स्वतःच्या हिश्श्यावर. इस्लामी वारसाहक्कात नवऱ्यामागे मुलं असतील तर विधवेचा वाटा मालमत्तेच्या आठव्या भागाचा, मुलं नसतील तर चौथ्या भागाचा. मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा. म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीतली फुफी वडिलांच्या घरात पाहुणी म्हणून राहत नाही. त्या घराचा तुकडा तिचाही आहे.

अडचण अशी, की ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर बहुतेक वेळा फक्त भावांची किंवा पुतण्यांची नावं असतात. वारस नोंद करताना बायकांची नावं गाळली गेलेली असतात, किंवा 'बहिणीने हक्क सोडला' असं परस्पर ठरवलेलं असतं. नाव नाही म्हणून बोलता येत नाही, आणि बोलता येत नाही म्हणून खोलीच्या दुरुस्तीपासून संडासच्या चावीपर्यंत प्रत्येक गोष्ट मागावी लागते. मागून जगणारा माणूस स्वतंत्र राहत नाही. मशिदीत जुम्म्याच्या बयानात वारसाहक्काचा मसला दरवर्षी निघतो. तो ऐकून एखाद्या घराने उताऱ्यावर फुफीचं नाव चढवलं, तर त्या रमजानची ती मोठी कमाई.

कायदाही इथे पाठीशी आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा २००७ सालचा. त्याखाली मुलं आणि नातवंडं जबाबदार आहेत. अपत्य नसलेल्या ज्येष्ठाच्या बाबतीत, ज्याच्या ताब्यात त्याची मालमत्ता आहे किंवा ज्याला ती वारसाने मिळणार आहे, तो नातेवाईक जबाबदार आहे. म्हणजे फुफीच्या हिश्श्यावर डोळा ठेवणाऱ्या पुतण्याला तिच्या औषधाकडे पाठ फिरवता येत नाही. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता ठरवून देण्याचा अधिकार त्यांना आहे. मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावे खोली करून देताना 'सांभाळ करीन' ही अट कागदावर लिहून घेतलेली असेल आणि ती पाळली गेली नाही, तर ते हस्तांतरण रद्द करण्याची मागणीही करता येते. तोंडी शब्दावर घर लिहून देणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

कागद आणि अंगठा

सरकारी मदत कागदावर पुष्कळ आहे. पासष्ट वर्षांपुढच्या निराधारांना श्रावणबाळ योजना, त्याआधीच्या वयातल्या विधवा आणि निराधारांना संजय गांधी निराधार योजना, महिन्याला १,५०० रुपये. त्यासाठी वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा तहसीलचा दाखला लागतो. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वयवंदना कार्ड मिळतं, त्यावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार. एसटीत पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत, पासष्टीपासून अर्धं तिकीट. राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठी, चष्मा, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची. फोनवरून सल्ला हवा असेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा क्रमांक आहे.

ही यादी वाचून दाखवणं सोपं आहे. अवघड आहे ते मधलं अंतर. निराधारच्या लाभार्थ्याला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो वेळेत गेला नाही की जिवंत माणसाचे पैसे थांबतात. आयुष्यभर भांडी घासलेल्या, कापूस पिंजलेल्या बोटांवर रेषा उरलेल्या नसतात, म्हणून रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही. खातं आधारला जोडलेलं असतं, पण मोबाईल क्रमांक पुतण्याचा. संदेश त्याला येतो, पैसे तोच काढतो आणि घरखर्चात मिसळून टाकतो. यात प्रत्येक वेळी खोटेपणा असतोच असं नाही. पण म्हातारीच्या हातात स्वतःचे पंधराशे रुपये आले, तर त्यातून ती नातवाला ईदी देऊ शकते, स्वतःची गोळी आणू शकते, शेजारणीला उसने देऊ शकते. पुतण्याने काढलेल्या पैशातून यातलं काहीच होत नाही.

इथे कुणीतरी चालत जाणारं माणूस लागतं. तहसीलला सोबत येणारं, बँकेतून खात्याचा मोबाईल क्रमांक बदलून देणारं. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन आधारच्या ठशावर दारात येऊन पैसे देऊ शकतो, हे सांगणारं. असं माणूस गावात पगारावर ठेवलेलं नसतं. ते मोहल्ल्यानेच उभं करायचं असतं.

जकात मालक बनवते

जकात म्हणजे ऐपतदाराच्या वर्षभर साठलेल्या मालाचा अडीच टक्के भाग. तिचे दोन नियम या विषयाशी थेट जोडलेले आहेत. पहिला, जकात आपल्या आई-वडिलांना, आजी-आजोबांना देता येत नाही. त्यांचा खर्च हे आपलं कर्तव्य आहे, ते जकातीतून भागवायचं नाही. मात्र गरजू फुफीला, खालाला, चाचीला, बहिणीला जकात देता येते, आणि नात्यातल्या गरजूला देण्याचं पुण्य दुहेरी मानलं आहे. तेव्हा जकात दूरच्या पावतीपुस्तकात घालण्याआधी आपल्याच अंगणातल्या कोपऱ्याकडे एकदा पाहावं.

दुसरा नियम त्याहून खोल आहे. हनफी फिकहनुसार जकात अदा होण्यासाठी घेणाऱ्याला त्या रकमेचा मालक बनवावं लागतं. नुसतं जेवायला बसवून चालत नाही. रक्कम किंवा वस्तू त्याच्या हाती द्यायची, पुढे तिचं काय करायचं हे त्याने ठरवायचं. गरिबाला काय हवं ते देणाऱ्याने परस्पर ठरवू नये, ही शिस्त या एका अटीत आहे. फुफीला पाचवी साडी देण्यापेक्षा पैसे हातात द्यावेत. तिला कदाचित संडासच्या भिंतीला धरायला लोखंडी दांडी हवी असेल. आणि जकात रमजानातच एकरकमी दिली पाहिजे असंही नाही. पुढच्या वर्षाचा हिशेब धरून दरमहा थोडी थोडी आगाऊ देता येते. औषधं दरमहा लागतात, तेव्हा हाच मार्ग सोयीचा.

अंगणातला सामाईक संडास दुरुस्त करणं किंवा अंधाऱ्या बोळात दिवा लावणं यात कुणी एक मालक होत नाही, म्हणून ते जकातीतून होत नाही. त्यासाठी सदका आणि इमदाद आहे. मशिदीच्या कमिटीने दोन्ही पैशांचे हिशेब वेगळे ठेवले, तर दोन्ही कामं होतात.

मदिनेतली झोपडी, मलबारचा रस्ता

हजरत उमर यांच्याबद्दल एक रिवायत सांगितली जाते. मदिनेच्या कडेला एक आंधळी म्हातारी एकटी राहायची. तिचं घरकाम करायला हजरत उमर जात, तर त्यांच्या आधीच कुणीतरी येऊन झाडलोट करून, पाणी भरून गेलेलं असे. पाळत ठेवली तेव्हा कळलं, येणारे दुसरे कुणी नसून खलिफा हजरत अबू बक्र होते. या रिवायतीत म्हातारीला उचलून कुठे नेलेलं नाही. ती आपल्या झोपडीतच राहिली. पाणी तिच्यापर्यंत आलं.

आपल्या देशात हेच काम मोठ्या प्रमाणावर उभं राहिलं ते केरळात. १९९३ मध्ये कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात असाध्य रुग्णांच्या वेदना कमी करण्याचं काम सुरू झालं, आणि काही वर्षांत मलप्पुरमसारख्या मुस्लिमबहुल जिल्ह्यात ते गल्लीगल्लीत गेलं. दुकानदार, शिक्षक, गृहिणी, विद्यार्थी यांनी आठवड्याचे दोन-तीन तास दिले. जखम कशी पुसायची, अंथरुणावरच्या माणसाला कूस कशी बदलून द्यायची, मुख्य म्हणजे त्याच्याशी बोलायचं कसं, हे शिकून घेतलं. पैसा मोठ्या देणगीदारांपेक्षा दुकानांतल्या डब्यांतून आला. २००८ मध्ये केरळ सरकारने त्याचं धोरण केलं आणि पंचायतींना या कामात जोडलं. सुरुवात आजाऱ्यांपासून झाली तरी अंथरुणाला खिळलेले म्हातारे त्यात आपोआप आले.

इंग्लंडात म्हाताऱ्यांसाठी सामाईक वसाहती आहेत. प्रत्येकाची खोली आणि चूल वेगळी. खोलीत एक दोरी लटकवलेली असते, ती ओढली की मदतीचं माणूस धावतं. आपल्या वाड्यांना त्या दोरीची गरज नाही, भिंती इतक्या पातळ आहेत की ताटलीवर चमचा वाजवला तरी ऐकू जातं. ठरवायचं एवढंच, की वाजलं तर उठायचं कुणी.

कनेरगाव नाक्यासारख्या गावात हे ठरवायला एक वही पुरते. मोहल्ल्यात एकटं किंवा एकटं पडलेलं माणूस कोण, कोणत्या खोलीत, कोणती गोळी घेतो, हयातीचा दाखला कधी द्यायचा आहे, अडीअडचणीला कुणाला फोन करायचा. त्यात शेजारच्या गल्लीतली आजी आणि भाडेकरू मावशीही यावी. शेजाऱ्याच्या हक्काला धर्माची अट नाही. दोन तरुणांनी आठवड्यातून एकदा फेरी मारावी. बायकांच्या खोलीत बायकांनी जावं, गावातल्या आशाताईंना सोबत घ्यावं. तरावीहला पोरांची गर्दी असते, तिथेच नावं विचारली तर चार जण सहज पुढे येतील.

ईदच्या नमाजाआधी फितरा द्यायचा असतो, म्हणजे गरिबाघरीही त्या दिवशी चूल पेटावी. शीरखुर्म्याची वाटी घेऊन पोरं कोपऱ्यातल्या खोलीत जातीलच. वहीतली फेरी त्यानंतरच्या आठवड्यापासून सुरू व्हायला हवी. तेव्हा ताटं येणं थांबलेलं असतं, आणि गोळ्यांची पट्टी संपत आलेली असते.