सायकलला वाट कोणती घ्यावी

सायकलवर घरचे सगळे निघाले, की वाट सर्वांत लहान पोराकडे बघून ठरवावी.

मामाच्या गावाला डांबरी रस्ता जवळचा आहे. पण दिवाळीनंतर उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या. पुढची गेली म्हणून सायकल आत घेतली, तर मागची अंगावर येते. साइडपट्टीवर उतरावे तर खडीत चाक घसरते.

म्हणून आम्ही नीरा डाव्या कालव्याच्या कडेने जातो. लांब पडते, पण चढ जवळजवळ नाहीच. कालव्याचे पाणी आपोआप पुढे जावे म्हणून त्याला अगदी थोडा उतार ठेवतात. कडेची वाटही तशीच सपाट. मी मोठी सायकल कैची मारून चालवतो, तरी दम लागत नाही.

पण कालव्याचे पाणी खोल असते, आणि काठ निसरडा. म्हणून पाण्यापासून लांबच्या चाकोरीतून जावे. मी पुढे, आई मधे, बाबा सर्वांत मागे, म्हणजे आम्ही त्यांना दिसतो. छोटी आईच्या कॅरेजवर बसते. तिचे पाय तारांत जाऊ नयेत म्हणून बाजूला फळी बांधली आहे. एका पुलाला कठडा नाही, तिथे सगळे उतरून चालतो.

पालकांनो, नवी वाट आधी एकट्याने बघून यावी. बाभळी छाटल्या असतील तर काटेच काटे! एका दिवसात दोन पंक्चर होतात. आणि जाताना वारा समोरून असावा, येताना पाय दुखतात तेव्हा तो पाठीशी येतो. आई म्हणते, वारा काय तुला विचारून वाहतो होय रे?