मागे ट्रेलर, पुढे घाट

तुळशीची लग्ने लागली की बोर्ली पंचतनच्या नाक्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची वर्दळ वाढते. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरकडे निघालेली कुटुंबे इथून वळतात, दोन दिवस समुद्र पाहतात आणि परततात. या गाड्या ज्या दिशेने येतात, त्याच दिशेने उलटे निघून देशाच्या दुसऱ्या समुद्रापर्यंत जाता येते. नकाशात तो रस्ता अवघ्या दोन क्रमांकांत सामावतो. जवळच्या दिघी बंदरापासून राष्ट्रीय महामार्ग 753 एफ निघतो. म्हसळा, माणगाव, ताम्हिणी, पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, सिल्लोड आणि अजिंठा करत तो खानदेशात उतरतो आणि महामार्ग 53 ला मिळतो. हा 53 क्रमांकाचा महामार्ग अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर, संबलपूर ओलांडून ओडिशातल्या पारादीप बंदरात संपतो. अरबी समुद्र ते बंगालचा उपसागर, अंतर सुमारे 1,900 किलोमीटर.

नुसत्या मोटारीने जायचे तर ही चार दिवसांची धाव आहे. झोपायचे आणि स्वयंपाकाचे सामान भरलेला छोटा ट्रेलर मोटारीमागे जोडला की सगळा हिशेब बदलतो. मग किलोमीटर मोजून काम भागत नाही. कोणता घाट चढायचा, कोणता उतरायचा आणि अंधार कुठे गाठणार, हे आधी ठरवावे लागते.

काळ मात्र हाच योग्य. अमेरिका आणि कॅनडात थंडीची चाहूल लागली की हजारो निवृत्त माणसे घरासारखे ट्रेलर ओढत बर्फापासून दूर, दक्षिणेकडे जातात. आपल्याकडे पावसाने अडवलेले रस्ते नेमके तेव्हाच मोकळे होतात. सह्याद्रीत दरडी कोसळण्याचे दिवस संपलेले असतात, ताम्हिणीसारखे घाट पावसाळ्यात दुरुस्तीसाठी बंद करावे लागतात ती वेळ टळलेली असते आणि उत्तरेकडचे दाट धुके अजून लांब असते. तरीही हवामान खात्याचा अंदाज रोज पाहायलाच हवा. 11 नोव्हेंबर 2009 रोजी फयान वादळ याच कोकण किनाऱ्यावर धडकले होते. पलीकडच्या टोकाला, 29 ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळाने पारादीपच्या परिसरात हाहाकार उडवला होता. दोन्ही समुद्रांची वादळे याच हंगामात येतात. म्हणून निघण्याची तारीख नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धरावी आणि पारादीपला पोचायचा दिवस दोन-तीन दिवस पुढे-मागे करता येईल असा ठेवावा.

सूर्यास्ताची गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. देशाचे घड्याळ एक असले तरी बोर्ली आणि पारादीप यांच्या रेखांशांत साडेतेरा अंशांहून अधिक फरक आहे. एका अंशाला 4 मिनिटे धरली तर तो जवळजवळ तासाभराचा होतो. नोव्हेंबरअखेर बोर्लीत सूर्य संध्याकाळी 6 च्या सुमारास बुडतो, पारादीपला 5 वाजताच. पूर्वेकडे जावे तशी संध्याकाळ रोज थोडी अलीकडे सरकते. पहिल्या दिवशी 5 वाजता मुक्काम गाठला तर उजेडात ट्रेलर लावता येतो. ओडिशात त्याच वेळी अंधार पडायला लागलेला असतो. उजाडतेही तिकडे लवकर, त्यामुळे रायपूरच्या पुढे निघण्याची वेळ पहाटेकडे ओढावी आणि मुक्काम 4 च्या आत धरावा.

आता ट्रेलरकडे वळू. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. मोटारीमागे ओढायचे कॅरॅव्हॅन, तंबूचे ट्रेलर, घडीचे ट्रेलर यांचाही त्यात विचार आहे. कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर हे स्वतंत्र नोंदणीचे वाहन. मोटार वाहन कायद्याच्या कलम 61 प्रमाणे नोंदणीचे नियम ट्रेलरलाही लागू होतात आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरच्या पाठीमागे दिसावा लागतो. वेल्डिंगच्या दुकानात सांगाडा जोडून, मोटारीला हुक ठोकून निघणारे उत्साही लोक आहेत. हा उत्साह तीन राज्यांच्या प्रवासात महागात पडतो, कारण नोंदणी नसलेल्या ट्रेलरमुळे अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो. मोटारीच्या माहितीपुस्तिकेत ओढण्याची क्षमता किलोग्रॅममध्ये दिलेली असते. ती दिलेलीच नसेल तर त्या गाडीला ट्रेलर लावू नये. ट्रेलरच्या सर्वांत हलक्या वर्गाची मर्यादा सामानासह 750 किलो आहे. पहिल्यांदाच निघणाऱ्या कुटुंबाने या मर्यादेत राहावे.

वजन किती, याइतकेच ते कुठे ठेवले हेही मोलाचे. बैलगाडी भरणाऱ्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे जास्त झाला की ती धुरजड होऊन बैल खाली दबतात. ट्रेलरचेही तसेच. एकूण वजनाचा साधारण 5 ते 7 टक्के भार हुकावर यावा, असा युरोपात प्रघात आहे. म्हणजे 700 किलोच्या ट्रेलरला 35 ते 50 किलो. पाण्याची टाकी, गॅसची शेगडी, बॅटरी असे जड सामान आसाच्या अगदी जवळ आणि तळाशी ठेवावे. गाद्या आणि कपडे टोकांना गेले तरी चालतात. हुकावरचा भार मोजायला घरचा वजनकाटा आणि लाकडाचा एक ठोकळा पुरतो.

उलाळ भरलेला ट्रेलर संथ वेगात गुणी वाटतो. ताशी 70-80 च्या पुढे तो डोलायला लागतो, त्यातच शेजारून ट्रक गेला की त्याच्या वाऱ्याने झोका वाढतो आणि मागचे डोलणे पुढच्या मोटारीला ओढू लागते. अशा वेळी चालकाला दोन गोष्टी सुचतात, वेग वाढवून ट्रेलर सरळ करणे किंवा स्टिअरिंग उलटसुलट फिरवणे. दोन्ही घातक आहेत. स्टिअरिंग सरळ धरायचे आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून वेग आपोआप उतरू द्यायचा, हाच उपाय. जर्मनीच्या मोटारमार्गांवर जिथे कित्येक ठिकाणी वेगमर्यादाच नाही, तिथेही ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीला सर्वसाधारणपणे ताशी 80 ची मर्यादा आहे. आपल्या रस्त्यांवर 60-65 पुरे. दिवसाला 250 किलोमीटर धरले की पारादीप आठ दिवसांवर येते, आणि दोन दिवस विश्रांतीचे धरावेत.

खरी परीक्षा पहिल्याच दिवशी होते. बोर्लीहून म्हसळ्यापर्यंतचा रस्ता चढउतारांचा आणि वळणांचा आहे. 2021 पासून अदानी पोर्ट्सकडे असलेल्या दिघी बंदराचे मोठे मालवाहू ट्रेलरही या भागातून ये-जा करतात. वळणावर त्यांना दोन्ही बाजूंचा रस्ता लागतो. समोर असा ट्रेलर दिसला की अलीकडेच थांबून त्याला वळू द्यावे. आपल्या ट्रेलरलाही तोच नियम लागू आहे, कारण त्याची चाके मोटारीच्या चाकांपेक्षा आतून जातात. डावे वळण नेहमीसारखे घेतले तर मोटार सुटते आणि ट्रेलर गटारात उतरतो.

माणगावात दोन पर्याय समोर येतात. महामार्गाचा क्रमांक ताम्हिणीकडे बोट दाखवतो. अंतर तिकडून कमी, जंगलही देखणे. पण वळणे तीव्र आहेत आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या कडेला उभ्या असतात. 20 डिसेंबर 2024 रोजी या घाटात लग्नाच्या वऱ्हाडाची बस उलटून 5 जणांचा जीव गेला. ट्रेलर घेऊन पहिल्यांदा निघालेल्याने इथून जाऊ नये. कोलाड, वाकण, पाली करत खोपोली गाठावी आणि बोरघाट चढावा. रस्ता लांबचा, पण रुंद आणि मार्गिका आखलेला. कार्तिक वद्य पक्षात आळंदीच्या यात्रेसाठी कोकणातल्या दिंड्या याच बाजूने पायी चढतात. वद्य एकादशीच्या आधीचे दिवस टाळलेले बरे. वारकऱ्यांनाही त्याने रस्ता मोकळा मिळतो.

पुण्यापुढे घाट संपतो आणि ऊस सुरू होतो. राज्यातला गाळप हंगाम 2024 मध्ये 15 नोव्हेंबरला, तर 2025 मध्ये 1 नोव्हेंबरला सुरू करण्याचा निर्णय झाला. म्हणजे आपण निघतो तेव्हा कारखाने भरात असतात. सोनईचा मुळा, भेंड्याचा ज्ञानेश्वर अशा कारखान्यांकडे जाणारे ट्रॅक्टर नेवासे तालुक्यात दोन-दोन ट्रॉल्या भरून ओढत असतात. बीडकडून आलेली ऊसतोड कुटुंबे पालांचे सामान, शेळ्या, लेकरे घेऊन याच ट्रॉल्यांतून फडावर आलेली असतात. महाराष्ट्रात दरवर्षी शरद सरताना ट्रेलर जोडून निघणारी सर्वांत मोठी प्रवासी मंडळी तीच आणि त्यांचा प्रवास पोटासाठी असतो. रात्री मागचे दिवे किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. अहिल्यानगर ते संभाजीनगर हा टप्पा दिवसाच्या उजेडातच करायचा, हे त्यासाठी. आणि त्यांना ओलांडून जायची घाई करू नये. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आणि त्याला ओलांडणारी ट्रेलरवाली मोटार मिळून रस्ता फार वेळ अडवतात.

संभाजीनगरात पुन्हा निवड करायची आहे. 753 एफ सरळ सिल्लोडकडे जातो आणि अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरला पोचतो. इथे उताराचे गणित समजून घ्यायला हवे. चढताना इंजिन दमते, एवढेच. उतरताना गाडीची सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन शिरते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटर उंचावर आहे. माणसे-सामानासह दोन टनांची मोटार आणि 700 किलोचा ट्रेलर तिथून खोपोलीपर्यंत उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात चाळीसेक लिटर थंड पाणी उकळेल. हलक्या ट्रेलरला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो, म्हणजे हा सगळा भार मोटारीच्या ब्रेकवर. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचे आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा दाबून सोडायचा.

जाताना अजिंठा टाळून संभाजीनगरजवळच्या सावंगीहून समृद्धी महामार्गाने नागपूर गाठावे, हे शहाणपणाचे. 701 किलोमीटरचा हा मार्ग 5 जून 2025 पासून पूर्ण खुला आहे. त्यावर घाट नाही, पण काँक्रीटचा सरळ रस्ता टायर तापवतो आणि चालकाला गुंगी आणतो. ट्रेलरचे टायर कमी वापरले जातात, त्यामुळे त्यांची नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र जुने झालेले असते. बाजूवर छापलेला निर्मितीचा आठवडा आणि वर्ष वाचावे, पाच-सहा वर्षांपूर्वीचे असतील तर बदलावेत. जादा चाक मोटारीचे वेगळे आणि ट्रेलरचे वेगळे हवे. दर दीड तासाने थांबून टायर, हुकाची पिन, सुरक्षासाखळी आणि मागचे दिवे पाहावेत.

परतीला मात्र 53 क्रमांकाचाच रस्ता धरावा. अमरावती-अकोला टप्प्यात जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला, तो हाच रस्ता. कापसाच्या गाड्या आणि अमरावतीच्या संत्र्यांच्या राशी पाहत जळगावकडे यावे. अजिंठ्याचा घाट या दिशेने चढायचा असतो, म्हणजे ब्रेक निवांत राहतात. एकच मोठा उतार उरतो, तो बोरघाटाचा, आणि तोवर चालकाचा हात बसलेला असतो.

जातानाच्या वाटेवर, नागपूरच्या पूर्वेला साकोली ते देवरी हा भाग नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलपट्ट्यातून जातो. इथे वन्यप्राणी रस्ता ओलांडतात. ट्रेलर असताना मोटार एकाएकी थांबत नाही आणि जोरात ब्रेक दाबला तर ट्रेलर आडवा फिरून मोटारीशी कात्रीसारखा दुमडतो. सकाळी 8 ते दुपारी 4 या वेळेतच हा पट्टा ओलांडावा. पुढे रायपूर, बरगढ, संबलपूर हा प्रवास सोपा आहे. हिराकुडजवळ एक दिवस विश्रांतीचा ठेवावा.

सुरुवातीलाच दिघी-आगरदांडा जंगल जेटीने, म्हणजे मोटारी पलीकडे नेणाऱ्या बोटीने, मुरूडमार्गे निघण्याचा मोह कुणाला होईल. ओहोटीच्या वेळी जेटीचा उतार वाढतो, आणि बोटीच्या फळीवरून चढताना लांब हुकाचा ट्रेलर मधोमध टेकतो. शिवाय बोटीतून कधी कधी गाडी मागे घेत उतरावे लागते. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे वळवले की तो उजवीकडे जातो, आणि हे अंगवळणी पडल्याशिवाय जेटीवर जाऊ नये.

म्हणून एक विनंती. तारीख पक्की करण्याआधी, आठवड्यातल्या एखाद्या कामाच्या दिवशी, पूर्ण भरलेला ट्रेलर जोडून बोर्लीहून माणगावला जाऊन या. मोकळ्या मैदानात तासभर तो मागे घेण्याचा सराव करा. परत आल्यावर चारही चाकांपाशी हात नेऊन ब्रेक किती तापले ते पाहा, हुकाचे नटबोल्ट तपासा आणि आत काय काय सरकले ते बघा. यातले काहीही मनासारखे नसेल, तर सामान कमी करा किंवा प्रवास पुढच्या कार्तिकावर टाका.