वुजूनंतर पाय कोरडे करा

आमच्या अम्मींचा डावा पाय वीस वर्षांपासून सुजलेला आहे. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात याला हत्तीपाय म्हणतात. दर पावसाळ्यात पाय लाल व्हायचा, थंडी वाजून ताप भरायचा आणि आम्ही गरम शेक देत बसायचो. ते चुकत होते.

हत्तीरोग क्युलेक्स डासामुळे पसरतो. डास चावल्यावर शरीरात शिरलेले कृमी लसिकावाहिन्यांत वाढतात, त्या निकामी करतात. मग पाणी साचून पाय फुगतो. वारंवार येणारा ताप मात्र बहुधा त्वचेच्या चिरांतून शिरणाऱ्या जिवाणूंमुळे येतो.

अम्मी नर्सबाईंना म्हणाल्या, "मी पाच वेळा वुजू करते, माझ्या पायाला घाण कुठली?"

"धुता छान, पण पुसत नाही. बोटांच्या बेचक्यांत ओल राहते," नर्सबाई म्हणाल्या.

तेव्हापासून जानमाजजवळ मऊ सुती फडके असते. रोज साबण व साध्या पाण्याने पाय धुवायचा, बेचके हलक्या हाताने टिपायचे, बसताना पाय उंचावर ठेवायचा, घोटा फिरवायचा, चप्पल सैल वापरायची. चीर दिसली किंवा ताप आला, की थेट दवाखाना. शेक नाही, थंड पाण्याची पट्टी.

सूज पूर्ण गेलेली नाही. पण गेला पावसाळा अम्मींनी तापाविना काढला.

आणि हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आशाताई दारी आल्या, की त्या उशाखाली ठेवू नका. गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालील मुले व गंभीर आजारी सोडून सर्वांनी जेवणानंतर त्यांच्यासमोरच घ्याव्यात. आमच्या अम्मींच्या वेळी कोणी असे दारी आले नव्हते.