कोशिंबिरीतले तीन चमचे

घरात लिंबू नसलं म्हणजे कोशिंबिरीत आपण काय घालतो? हाताशी जे आंबट असेल ते. मीही तेच केलं. २०१० सालचा ऑक्टोबर होता. इटलीत मोदेना शहराच्या उत्तरेला एका लहानशा गावात आम्ही नुकतंच बिऱ्हाड थाटलं होतं. नवऱ्याची नोकरी तिथल्या यंत्रांच्या कारखान्यात, मुलगी चार वर्षांची आणि माझं इटालियन ‘बोन्जोर्नो’ आणि ‘ग्रात्सिए’ एवढ्यावर संपणारं. घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर एकट्या राहत. सत्तरीच्या आसपास वय, ताठ कणा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक बुटकी बाटली वर पाठवली. वर बूच, लेबल नाही, आत काळंभोर दाट काहीतरी. बोट बुडवून चाखलं तर आंबटगोड! काकवीत चिंच कोळावी तसं. पण त्याच्यामागून आणखी काहीतरी येत होतं, जुन्या लाकडी कपाटाचं दार उघडल्यासारखं.

त्या रविवारी बाईंना जेवायला बोलावलं आणि काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याच्या कुटाबरोबर त्याचे चांगले तीन चमचे ओतले. कोशिंबीर तपकिरी झाली. ‘यात काय घातलंय?’ बाईंनी विचारलं. मी अभिमानानं बाटली दाखवली. त्यांनी चमचा क्षणभर खाली ठेवला, मग पुन्हा उचलला आणि वाढलेली सगळी कोशिंबीर संपवली. बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माझा हात धरून मला माळ्यावर घेऊन गेल्या.

माळा आमच्या छताच्या बरोबर वर होता. उतरत्या कौलांखाली लाकडी पिंपांच्या दोन रांगा आडव्या मांडलेल्या. प्रत्येक रांगेत पाच पिंपं, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत उतरत गेलेली. ओक, चेस्टनट, चेरी, तुती, जुनिपर असं प्रत्येकाचं लाकूड वेगळं. प्रत्येकाच्या पाठीवर एक चौकोनी भोक, त्यावर पांढरं फडकं. अशा रांगेला तिकडे ‘बात्तेरिया’ म्हणतात. एक बात्तेरिया बाईंच्या आजीची आणि दुसरी १९६८ सालची, बाईंची मुलगी जन्मली तेव्हा सुरू केलेली. मोदेना आणि शेजारच्या रेज्जो एमिलियात ही जुनी रीत: मुलगी झाली की पिंपांची रांग मांडायची, लग्नात ती तिच्याबरोबर द्यायची. मी कोशिंबिरीत ओतलं होतं ते मुलीच्या रांगेतलं.

बाल्सामिक व्हिनेगर म्हणजे काय, हे मला त्या माळ्यावर समजलं. नेहमीचं व्हिनेगर वाइनपासून होतं. हे मात्र थेट द्राक्षाच्या रसापासून. त्रेब्बियानो किंवा लांब्रुस्को जातीच्या द्राक्षांचा रस उघड्या भांड्यात मंद आचेवर तासन् तास आटवायचा, आपल्याकडे गुऱ्हाळात रस आटवतात तसा, आणि पिंपात भरायचा. पुढचं काम हवेचं. माळ्यावर ठेवायचं ते एवढ्याचसाठी की उन्हाळ्यात तिथं भट्टी होते आणि हिवाळ्यात हाडं गोठतात. उन्हाळ्यात रस आंबतो, पाणी उडून जातं. थंडीत तो निवळतो. वर्षातून एकदा, हिवाळ्यात, सगळ्यांत लहान पिंपातून थोडंसं काढून घ्यायचं. तेवढी तूट त्याच्या थोरल्या भावंडातून भरायची, त्याची त्याच्याहून थोरल्यातून, आणि शेवटी सगळ्यांत मोठ्यात नवा आटवलेला रस. म्हणजे पिंप कधीच पूर्ण रिकामं होत नाही. आजीच्या काळचा थेंब कुठंतरी तळाशी असतोच. आपल्या विरजणासारखं. फरक इतकाच, की आपलं विरजण एका रात्रीत लागतं.

या प्रांताला व्हिनेगरचं वेड जुनं आहे. १०४६ साली सम्राट तिसरा हेन्री इकडून जात असताना कानोसाच्या बोनिफाचोनं त्याला इथलं नामांकित व्हिनेगर भेट दिलं, असं दोनिझोने नावाच्या भिक्षूनं लिहून ठेवलं आहे. ते आजचंच होतं, असं मात्र कुणी छातीठोकपणे सांगू नये. ‘बाल्सामिक’ हा शब्द मोदेनाच्या एस्ते सरदारांच्या कोठाराच्या वहीत दिसतो तो १७४७ साली.

मग दुकानात दोन-चार युरोला मिळतं ते काय? तेही मोदेनाचंच, पण त्यात वाइनचं व्हिनेगर मिसळलेलं असतं, रंगासाठी थोडं कॅरॅमलही चालतं आणि लाकडात साठ दिवस राहिलं की पुरे. त्याला २००९ साली युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं. ‘त्रादित्सिओनाले’ची गोष्ट वेगळी. निदान बारा वर्षं, आणि ‘एक्स्त्रावेक्यो’ म्हणवून घ्यायचं तर पंचवीस. परीक्षक चाखून पसंत करतात, मग ते शंभर मिलिलिटरच्या ठरावीक बाटलीत भरलं जातं. मोदेनाची ती गोल पोटाची बाटली मोटारींचे आराखडे करणाऱ्या जुज्जारोनं काढलेली आहे. किंमत सहज शंभर युरोच्या घरात. बाईंचं व्हिनेगर त्या परीक्षेला कधी गेलंच नाही, त्यामुळे कायद्यानं त्याला ते नाव लावता येत नव्हतं. ‘याला नाव कशाला? हे आमचं आहे,’ त्या म्हणायच्या.

कशावर काय घालायचं, हे त्यांनी मला तीन वर्षांत शिकवलं. शिकवलं म्हणजे पुढ्यात ठेवलं. पहिला धडा पार्मेजानो चीजचा. सुरीनं काप काढायचे नाहीत. आखूड, बदामी पात्याच्या सुरीनं ढेकळं फोडायची. निदान दोन वर्षं मुरलेलं, दाताखाली खडीसाखरेसारखे कण लागणारं. त्याच्यावर एक थेंब. चीजचा खारटपणा आणि स्निग्धपणा त्या थेंबाला जिभेवर धरून ठेवतो, आणि थेंबाचा आंबटपणा चीजचा जडपणा कापतो. दोघांचंही वय झालेलं, म्हणून जमतं, असं बाईंचं मत. (जवळच्या चीजच्या कारखान्यात पंजाबी मंडळी कामाला होती. तिथं मला हिंदी बोलायला मिळायचं, आणि वर एखादं ढेकूळही.)

दुसरा धडा जास्त कडक: जुनं व्हिनेगर विस्तवावर चढवायचं नाही. आचेनं त्याचा वास उडतो आणि मागं नुसता पाक उरतो. रिसोत्तो असो की मांसाचा काप, भांडं उतरवल्यावर, ताटात, शेवटी. लाल भोपळ्याचं सारण भरलेल्या तोर्तेल्लींवर ते सुरेख लागतं, साध्या ऑम्लेटवर तर फारच. जिथं पदार्थ साधा, दुधाळ किंवा थोडा गोड आहे, तिथं त्याला बोलायला जागा मिळते. कच्च्या कांद्याच्या, लसणाच्या, मिरचीच्या गर्दीत ते गुदमरतं. हिरव्या सॅलडला दुकानातलं चालतं, नव्हे, तेच घालावं. टोमॅटो आणि मोझ्झारेल्लावर काळ्या रेघोट्या ओढण्याची जगभरची हॉटेली फॅशन बाईंना मुळीच मान्य नव्हती. माझंही आता तेच मत आहे. चांगल्या टोमॅटोला स्वतःचा आंबटपणा असतो.

आणि स्ट्रॉबेरी. मे महिन्यात बाई स्ट्रॉबेरी चिरून त्यावर चिमूटभर साखर घालत, रस सुटू देत आणि मग चिनी मातीच्या चमच्यानं थेंब सोडत. धातूचा चमचा त्यांना चालत नसे. माझी मुलगी शेजारी बसून थेंब मोजायची. इटालियनमध्ये पाचपर्यंत आकडे ती तिथंच शिकली.

२० मे २०१२ च्या पहाटे चार वाजून गेले होते. भूकंप झाला. मुलीला उचलून आम्ही अंगणात धावलो. उजाडल्यावर आत जाऊन पाहिलं तर स्वयंपाकघराच्या छतातून भिंतीवर काळे ओघळ उतरले होते आणि घरभर तो वास! माळ्यावरच्या मुलीच्या रांगेतली शेवटची दोन पिंपं घरंगळली होती, सगळ्यांत लहान होतं ते फुटलं होतं. २९ तारखेला पुन्हा हादरा बसला. दोन्ही मिळून त्या प्रांतात पंचवीसहून अधिक माणसं गेली. चीजच्या गोदामांतल्या उंच फळ्या कोसळून लाखो चाकं खाली आली. ते फुटकं चीज खपावं म्हणून मोदेनाचे प्रसिद्ध शेफ मास्सिमो बोत्तूरा यांनी त्याचा रिसोत्तो बेतला, आणि तो ठिकठिकाणी शिजला.

भिंतीला तडा गेला तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. त्या लहान पिंपाच्या फळ्या गोळा करताना मात्र त्या रडल्या. परदेशातून मुलीचा फोन आला, ‘मम्मा, विकून टाक सगळं.’ बाईंनी ते मला सांगितलं आणि विचारलं, ‘हिच्यासाठीच मांडलं होतं ना?’ मला त्यावर उत्तर सुचलं नाही. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी नवं लहान पिंप आणलं, आजीच्या रांगेतलं व्हिनेगर त्यात घोळवून ते मुरवलं, आणि आम्ही दोघींनी पिंपातून पिंपात भरायचं काम केलं. नरसाळं धरायला मी होते. माझे हात थरथरत होते आणि त्या माझ्यावर ओरडत होत्या.

२०१३ साली आम्ही पुण्याला परतलो. निघताना त्यांनी तशीच बिनलेबलाची बाटली हातात ठेवली. २०१९ साली त्या गेल्या. घर विकलं गेलं, पिंपं एका शेजाऱ्यानं नेली, एवढं कळलं. बाटलीत आता दोन बोटं उरलं आहे. इतकी वर्षं ते पुरलं, कारण प्रत्येक वेळी बाटली काढायची, पदार्थाकडे पाहायचं आणि ‘हा नको’ म्हणून परत ठेवायची, अशी मला सवयच लागली. कोशिंबिरीतले तीन चमचे तेवढे आठवतात.

गेल्या जानेवारीत मुलगी कॉलेजातून घरी आली तेव्हा मी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणली होती. बाटली तिच्या हातात दिली. तिनं इटालियनमध्ये मोजत पाच थेंब सोडले आणि बूच लावलं. पुढच्या खेपेला खरवसावर घालून पाहू, म्हणते. दुधाळ आणि थोडा गोड, म्हणजे बाईंच्या नियमात बसतो खरा. पण त्यातल्या वेलदोड्याची मला शंका आहे.