जीवविज्ञानातील स्पष्टीकरण

एखादी जैव घटना का घडते, याचे कारणांच्या आधारे दिलेले उत्तर. भौतिकीत नियम व आरंभीची स्थिती सांगितली की बहुधा भागते. जीवविज्ञानात एकाच ‘का’चे दोन अर्थ निघतात. नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. मिरची तिखट का, याचे एक उत्तर असे : फळातील बिया धरणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात कॅप्सेसीन तयार होते व ते तोंडातील उष्णतासंवेदी ग्राहीस चेतविते. हा ग्राही डेव्हिड जूलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये ओळखला. दुसरे उत्तर इतिहासाचे आहे. अमेरिकेतील रानमिरची सस्तन प्राण्यांनी चावल्यास बिया निकामी होतात. पक्ष्यांना तिखटपणा जाणवत नाही आणि त्यांच्या विष्ठेतून बिया रुजण्याजोग्या बाहेर पडतात (ट्यूक्सबरी व नाभान, २००१). बोलिव्हियातील रानमिरचीत कॅप्सेसिनामुळे कवकापासून बियांचे रक्षण होते, असेही २००८ मध्ये दिसून आले.

एर्न्स्ट मायर यांनी १९६१ मध्ये अशा कारणांना अनुक्रमे निकट व अंतिम म्हटले. एक उत्तर दुसऱ्याची जागा घेत नाही. ‘पक्ष्यांसाठी मिरची तिखट झाली’ ही भाषा सोयीची, पण फसवी. वनस्पतीस हेतू नसतो, तिखट फळांच्या झाडांची संतती अधिक उरली एवढाच तिचा अर्थ. बाजारातील मिरचीस मात्र हेही पुरत नाही. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात भारतात आणलेल्या या पिकाचा तिखटपणा पुढे शेतकऱ्यांनी बी निवडून राखला वा बदलला; तेथे हेतू होता. डार्विन यांच्या १८५९ च्या ग्रंथाचा आरंभ अशाच कृत्रिम निवडीच्या विवेचनाने होतो.